कॅम्परची दिवाळीआधीची तयारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोलापुरात कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, बाहेर काढायचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. होळी झाली की पत्रा एवढा तापतो की आत बसवत नाही, आणि मग पावसाळा. म्हणजे सहा-सात महिने जागेवर उभ्या असलेल्या गाडीला एकदम कोकणाच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लावायचे असते. रोज चालणाऱ्या गाडीची झीज मेकॅनिकच्या नजरेला पडते. उभ्या गाडीचे बिघाड वेगळे असतात. ते गॅरेजमध्ये दिसत नाहीत, पहिल्या मुक्कामाला रात्री दिसतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे अशाच बिघाडांबद्दल आहेत. पाणी आणि बॅटरी या दोन विषयांवर सर्वाधिक प्रश्न आले, म्हणून त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची कॅम्पर मार्चपासून घरासमोर कडुनिंबाखाली उभी आहे. भाऊबीज झाली की कोकणात जायचे आहे. हातात तीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करायची? गाडी सर्व्हिसिंगला सोडली की भागेल का?
(जुळे सोलापूर)

उत्तर : सर्व्हिसिंगमध्ये इंजिन, ब्रेक, ऑइल हे होईल. छत, पाणी, गॅस आणि आतली वीज याकडे गॅरेजवाला बघणार नाही, ते त्याचे कामही नाही. तीन आठवडे पुरेसे आहेत, पण क्रम चुकवू नका. ज्या कामाला वाळायला वेळ लागतो ते आधी. म्हणून छत पहिले.

त्याआधी एक गोष्ट. किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडा. पावसाळ्यात उंदरांना कोरडी जागा लागते आणि एअर फिल्टरचा डबा त्यांना फार सोयीचा पडतो. फिल्टर काढून बघा. वायरींच्या जुडग्यांवर दातांच्या खुणा आहेत का, बॅटरीच्या मागे चिंध्या-पालापाचोळा साठला आहे का, हे टॉर्च लावून पाहा. वायर कुरतडलेली असताना इंजिन सुरू केले तर फ्यूज उडण्यावर निभावले तर नशीब. फॅनबेल्ट उलटा पिळून आतल्या बाजूला भेगा आहेत का तेही तेव्हाच बघून घ्या. इंजिन ऑइल किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा बदलायचेच. कूलंट कमी झाला असेल तर त्यात बोअरचे पाणी घालू नका. आपल्याकडच्या पाण्यातला क्षार इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरमध्ये बसतो आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. तयार मिसळलेला कूलंट घ्या, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे.

आता छत. कडुनिंबाखालच्या गाडीच्या छतावर पाने आणि निंबोळ्या साचून कुजतात, पाणी निघायची वाट बंद होते आणि स्कायलाइटच्या कडेने पाणी तुंबून राहते. पत्र्यावर थेट उभे राहू नका, फळी टाकून वर चढा. झाडून झाल्यावर स्कायलाइट, एक्झॉस्ट फॅन, सोलरचे पाय आणि वायर आत जाते ती जागा यांभोवतीचे सीलंट नखाने दाबून बघा. भेग पडली असेल, कडा उचलली असेल तर त्यावरच नवे लावू नका. जुने प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सीलंट लावा. सिलिकॉन लावू नका. ते उन्हात कडेने सुटते आणि त्याचा जो तेलकट थर मागे राहतो त्यावर पुढे दुसरे काहीच धरत नाही.

पीयू सीलंट हवेतल्या दमटपणावर पक्के होते. दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडी धरते, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात त्याहून कमी. म्हणून जाड थर लावून दुसऱ्या दिवशी पाणी मारायची घाई करू नका, चार दिवस जाऊ द्या. मग पाइपने पाणी मारून तपासा, आणि तेही खालून वर. आधी खिडक्यांच्या खालच्या कडा, मग वरच्या, शेवटी छत. एकेका भागावर दहा मिनिटे. आत एकजण टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही. आतून प्लायवर अंगठा दाबत जा. जिथे मऊ लागेल किंवा नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येईल तिथे पाणी आधीच मुरलेले आहे. बाहेरून सीलंट लावून तो प्लाय सुधारणार नाही, तेवढा तुकडा कापून बदलावा लागेल.

सीलंट वाळत असताना बॅटरी चार्जिंगला लावा आणि पाण्याची टाकी धुवायला घ्या. दुसऱ्या आठवड्यात सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक. गॅस शेवटी. मग एक रात्र गाडीतच झोपा, पण घरासमोर. दिवे, पंखा, फ्रिज, पंप, शेगडी सगळे वापरा. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जाऊन या. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात आणि मध्ये घाट आहे, म्हणजे ब्रेक, कूलंट आणि आतल्या सामानाची बांधणी या तिन्हींची परीक्षा होते. खंडेनवमीला पूजा करून लावलेल्या झेंडूच्या माळा मात्र त्याआधी काढा. वाळलेल्या पाकळ्या समोरच्या जाळीतून आत जाऊन रेडिएटरला चिकटतात आणि हवा अडवतात.

प्रश्न : टाकीच्या पाण्याला वास येतो. टाकी ताज्या पाण्याने दोनदा धुतली तरी जात नाही. शिवाय नळ बंद असताना पंप मधूनच 'टर्र' करून थांबतो. टाकी शंभर लिटरची, पाणी बोअरचे.
(विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : वास टाकीपेक्षा पाइपात जास्त आहे. टाकी धुतली तरी पाइपाच्या आत बुळबुळीत थर तसाच राहतो. तुमचे पाइप पारदर्शक असतील तर तो थर लवकर धरतो, कारण उजेड मिळाला की शेवाळ वाढते. बदलायचे झाल्यास पिण्याच्या पाण्याला चालणारा अपारदर्शक पाइप घ्या. बागेचा पाइप नको, उन्हात तापला की त्याचा वास आणि चव पाण्यात उतरते.

तुमच्या टाकीत दोन थर आहेत, क्षाराचा आणि बुळबुळीचा. आधी क्षार काढायचा, कारण त्याच्या खडबडीत पापुद्र्याखाली बुळबुळ लपून राहते आणि औषध तिथपर्यंत पोचत नाही. टाकी रिकामी करा, तपासणीचे झाकण उघडून आतून मऊ ब्रश फिरवा. मग वीस लिटर पाण्यात चारशे ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून टाकीत ओता. सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारून या म्हणजे पाणी टाकीच्या भिंतींवर आपटेल. परत आल्यावर प्रत्येक नळातून थोडे थोडे सोडून पाइप भरा आणि चार तास ठेवा. गीझर असेल तर त्याला बायपास करून घ्या. नंतर सगळे काढून साध्या पाण्याने टाकी दोनदा पूर्ण भरून पाइपातून वाहू द्या.

आता निर्जंतुकीकरण. पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एका लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे तुमच्या टाकीला शंभर मिलिलिटर. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून ओता आणि टाकी काठोकाठ भरा. फिल्टरचे कार्ट्रिज काढून ठेवायला विसरू नका, कार्बन सगळे क्लोरीन शोषून घेतो आणि पुढच्या पाइपाला काहीच मिळत नाही. एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, शॉवरचाही. चार तास तसेच ठेवा, मग पूर्ण काढून वास जाईपर्यंत धुवा. बाटली ताजी घ्या. हायपोक्लोराइट उष्णतेने कमजोर होते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेली बाटली पाण्यापेक्षा फार वेगळी उरत नाही.

इथे एक इशारा ठळकपणे देतो. लिंबूसत्त्व आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका, एका बादलीत नाही, टाकीतही नाही. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि गाडीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो. मधल्या दोन धुण्यांचा कंटाळा करू नका.

पंपाच्या 'टर्र'ची दोन कारणे असू शकतात. एक तर पुढे कुठेतरी थेंब थेंब गळते आहे, दाब उतरतो आणि पंप तो भरून काढतो. नाहीतर पंपाच्या आतल्या झडपेवर क्षाराचा कण अडकला आहे आणि पाणी मागे टाकीकडे सरकते. पंपाच्या लगेच पुढे कॉक असेल तर तो बंद करा. 'टर्र' थांबली तर गळती पुढे आहे, चालूच राहिली तर दोष पंपाचा. गळती शोधायला प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबा, ओला झालेला सांगेल. पंपाचा दोष असेल तर आधी त्याच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडून धुवा. बऱ्याचदा टाकीतले पांढरे कण तिथेच अडकलेले सापडतात. लिंबूसत्त्वाच्या धुण्यानेही झडप मोकळी होते, म्हणून ते काम करून मगच नवा पंप घ्यायचा की नाही ठरवा.

प्यायला मात्र वीस लिटरचा वेगळा जार ठेवा. टाकीचे पाणी भांडी, हातपाय आणि आंघोळीसाठी.

प्रश्न : आत दीडशे अँपिअर-अवरची ट्यूबलर बॅटरी आहे, घरच्या इन्व्हर्टरला असते तीच. तीन वर्षे झाली. रात्री फ्रिज, पंखा आणि दिवे चालले की पहाटे इन्व्हर्टर शिट्टी मारतो. लिथियम घ्यावी का?
(बार्शी)

उत्तर : आधी हिशेब करू. कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट धरला आणि निम्मा वेळ चालला तर बारा तासांत साधारण २२ अँपिअर-अवर. वीस वॉटचा पंखा आठ तास, १३. दिवे पाच तास, ४. आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी तासाला एक, म्हणजे १२. एकूण पन्नासच्या घरात. ट्यूबलर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे तुमच्या हाती ७५ असायला हवेत. पन्नासात शिट्टी वाजते याचा अर्थ बॅटरीत तेवढे उरलेले नाहीत, किंवा ती कधी पूर्ण भरतच नाही.

दोन्ही तपासता येते. घरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, सगळे बंद करून निदान चार-पाच तास राहू द्या, मग मल्टिमीटर लावा. ट्यूबलर १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. मग हायड्रोमीटरने सहाही खणांतल्या ॲसिडची घनता बघा. बहुतेक ट्यूबलरमध्ये पूर्ण चार्जला १.२४ च्या जवळपास येते. सगळे खण सारखेच कमी असतील तर चार्जिंग अपुरे आहे. पाच सारखे आणि एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३ किंवा त्याहून जास्त कमी असेल तर तो खण गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही.

हंगाम संपल्यापासून उभी असताना तिला महिन्यातून एकदा तरी चार्जिंग मिळाले होते का? बॅटरी आपोआप उतरते आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते सहजासहजी परत विरघळत नाहीत. हंगाम संपला की निगेटिव्हची वायर काढून ठेवायची आणि दर महिन्याला एक रात्र चार्जर लावायचा, हा उपाय फुकटात होतो. पाणी प्लेटांच्या वर राहील एवढेच, डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जाते. टर्मिनलवर पांढरे-हिरवे धरले असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, सोडा खणात जाऊ देऊ नका, पुसून व्हॅसलीन लावा.

आता तुमच्या बॅटरीबद्दल स्पष्ट मत. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूबलर एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. गाडीच्या हादऱ्यांत तिच्या प्लेटा सैल होतात, वळणावर ॲसिड उसळते, वजन पन्नास किलोच्या वर. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्या डब्याला वरच्या बाजूने गाडीबाहेर जाणारी हवेची वाट हवीच. खण तपासणीत गेला असेल तर पुन्हा तीच घेऊ नका.

लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी ऐंशी-नव्वद सहज देते, वजन बारा-तेरा किलो. पण नुसती बॅटरी बदलून चालत नाही. चार्जरवर लिथियमची निवड हवी, १४.२ ते १४.६ व्होल्ट, इक्वलाइज (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन खण सारखे करायची सोय) बंद. इंजिनाच्या अल्टरनेटरवरून थेट वायर जोडून ती चार्ज करू नका. लिथियम जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. बॅटरीजवळ, पॉझिटिव्हवर हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा. आणि ती इंजिनाला लागून किंवा छताजवळच्या बंद खणात ठेवू नका, फार तापली की तिचे बीएमएस (बॅटरी सांभाळणारे आतले सर्किट) चार्जिंग तोडते. साठवताना निम्मी भरलेली ठेवा. त्या दृष्टीने ट्यूबलरच्या अगदी उलट.

एक राहिलेच. इंडक्शन शेगडी बॅटरीवर चालवत असाल तर बंद करा. दीड हजार वॉटला बारा व्होल्टवर १४० अँपिअरच्या आसपास जातात. तेवढ्याला ना ती बॅटरी, ना त्या वायरी.

प्रश्न : टायर सहा वर्षांचे, पण गाडी कमी चालल्याने नक्षी नव्यासारखी. बदलायचे का?
(होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : बदला. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर हवी, पण कॅम्परचा टायर नक्षी झिजून क्वचितच जातो, वयाने जातो. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. विकत घेतल्याची तारीख धरू नका, ही धरा. एकाच जागी वजन घेऊन उभा राहिलेला, उन्हात तापलेला टायर आतून कडक होतो. भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसतात. मग भर दुपारी पुणे रस्त्यावर वेगात असताना तो फुटतो आणि फुटताना चाकाजवळच्या पाण्याच्या पाइपांची आणि वायरींचीही वाट लावतो. स्टेपनीचे वयही बघा. ती कधीच वापरली नाही म्हणून नवी राहत नाही.

हवा पहाटे, टायर थंड असताना भरा. तापमान दहा अंशांनी वाढले की साठ पीएसआयच्या टायरमध्ये दोन-अडीच पीएसआय वाढतात, म्हणून दुपारी पंपावर भरलेली हवा रात्री कमी ठरते. किती भरायची ते दारावरच्या पट्टीवर असते, पण तो आकडा कंपनीच्या वजनासाठी आहे. तुमचे वजन किती? पूर्ण तयारीची गाडी, पाणी भरून, सिलिंडर आणि माणसांसकट, वजनकाट्यावर न्या. आधी सगळी गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची. आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या जवळ. बहुतेक गाड्यांत बोजा मागे आणि एका बाजूला जास्त असतो. तो हलवता येतो. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरची हवा बघायला व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या, नाहीतर पंक्चरवाला तो सोडूनच देतो. शेताच्या कडेला मुक्काम केलात तर निघण्यापूर्वी चारही टायरांवर हात फिरवून बाभळीचे काटे बघा. ते लगेच हवा सोडत नाहीत, पन्नास किलोमीटरवर सोडतात. चाक काढून बसवले असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा.

प्रश्न : शेगडीची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात. गॅसची आणखी काय काय तपासणी करावी?
(पंढरपूर)

उत्तर : उभ्या गाडीत बर्नरच्या नळीत कोळी जाळे करतात. हवा पुरेशी मिसळत नाही आणि ज्योत पिवळी होते. बर्नर काढून नळी बारीक ब्रशने साफ करा. जेटच्या भोकात टाचणी घालू नका, भोक मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते. फुंकून किंवा पंपाच्या हवेने मोकळे करा. पिवळी ज्योत फक्त भांडी काळी करत नाही, कार्बन मोनॉक्साइडही सोडते, म्हणून दुरुस्त होईपर्यंत त्या शेगडीवर दार-खिडक्या लावून चहासुद्धा करू नका.

नारिंगी सुरक्षा होजवर तारीख छापलेली असते. पाच वर्षे झाली की बदला, वरून चांगला दिसला तरी. गाडीत तो दीड मीटरपेक्षा लांब नको आणि कुठेही पत्र्याच्या धारेवर घासता कामा नये. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेलेला घेऊ नका. रेग्युलेटर बसवताना व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी रिंग आहे ना, बघा.

गळतीसाठी बर्नरचे कॉक बंद, रेग्युलेटर चालू, आणि प्रत्येक जोडावर भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस. बुडबुडा वाढत गेला तर गळती. काडी पेटवून बघायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. तंत्रज्ञ येणार असेल तर त्याला पाण्याची यू नळी लावायला सांगा. रेग्युलेटर साधारण तीस सेंटिमीटर पाण्याचा दाब देतो. तो भरून सिलिंडर बंद केल्यावर पाच मिनिटांत पाणी जागचे हलता कामा नये.

एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवे आणि ते पालापाचोळ्याने बुजलेले नको. डिटेक्टरही जमिनीजवळ, वीतभर उंचीवर हवा. छताजवळ लावलेला उपयोगाचा नाही. त्याचे आयुष्य पाच-सात वर्षांचेच असते, मागची तारीख वाचा. गाडी चालताना सिलिंडर बंद. अग्निशामकाचा काटा हिरव्यात असला तरी तो दोन-तीनदा उलटा करून हलवा, आतली पावडर बसून घट्ट होते.

प्रश्न : गाडी बीएस-६ आहे. डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावाची, टाकी मार्चमध्ये भरली होती. तेच चालेल? युरिया पाण्यात कालवून घरी करता येते असे एकाने सांगितले.
(मोहोळ)

उत्तर : घरी कालवू नका. खताच्या युरियात बाययुरेट आणि इतर अशुद्धी असतात. त्यांनी फवाऱ्याचे टोक आणि कॅटॅलिस्ट खराब होते आणि दुरुस्तीचा खर्च डीईएफच्या कित्येक वर्षांच्या खर्चाएवढा येतो.

मार्चमधला डीईएफ बदलाच. २५ अंशांवर तो दीड वर्ष टिकतो, ३० वर एक वर्ष, ३५ वर सहा महिने. आपल्याकडे एप्रिल-मे आत धरले तर त्याचे आयुष्य संपले आहे. टाकी रिकामी करून ताजा, उत्पादनाची तारीख बघून भरा. झाकणाभोवतीचे पांढरे खडे कोमट पाण्याने पुसा. पुढच्या वेळी हंगाम संपताना टाकी तळाला येईल असा हिशेब ठेवा. डिझेलचे उलटे आहे. उभी करताना डिझेलची टाकी भरून ठेवायची, नाहीतर रिकाम्या भागात दव धरून पाणी साठते. आत्ता फिल्टरखालचा ड्रेन उघडून दोनशे मिलिलिटर काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे, पाणी संपेपर्यंत काढा आणि फिल्टर बदला. आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवायची पद्धत बीएस-६ ला घातक आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तापत नाही, काजळी मात्र भरते. सुरू केली की अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवून आणा.

प्रश्न : हँडब्रेक सोडला तरी मागचे चाक जाम आहे.
(अक्कलकोट)

उत्तर : पावसात ड्रमला गंज धरून लायनर चिकटले आहेत. पुढे-मागे हिसके देऊ नका, लायनर निखळून येते. ड्रम उघडून साफ करून घ्या आणि चाकातल्या ब्रेक सिलिंडरची रबरेही बघून घ्या. उभी ठेवताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांचे झाले असेल तर बदला. ते हवेतले पाणी शोषते, आणि घाट उतरताना तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली बसते. भरलेली कॅम्पर ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवा.

प्रश्न : सोलर पॅनेल दुपारी कमी वीज देते, सकाळी जास्त. बिघडले का?
(कुर्डुवाडी)

उत्तर : नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यावर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते. छताला चिकटवलेले पॅनेल ६५ अंशांना गेले की सोळा टक्के गेले. पॅनेलखाली दोन-तीन बोटे हवा खेळेल अशी जागा ठेवा. धूळ पहाटे पुसा, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचे पाणी वाळले की पांढरे डाग राहतात, शेवटचा हात आरओच्या पाण्याने फिरवा.

प्रश्न : रिसॉर्टवर बाहेरून वीज घेताना बोर्ड आणि वायर गरम होते. एसी चालू असतो.
(सोलापूर, होटगी रस्ता)

उत्तर : वायर रिळावर गुंडाळलेली ठेवता ना? पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर जात नाही आणि आवरण वितळते. एसीला २.५ चौरस मिलिमीटरची तीन पदरी वायर आणि सोळा अँपिअरचा प्लग हवा. घरचे पातळ एक्स्टेंशन नको. जोडण्यापूर्वी सॉकेट टेस्टरने अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल तपासा. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, आणि असेल तर प्रत्येक मुक्कामी बाहेरची वीज जोडल्यावर त्याचे टेस्ट बटण दाबा. बटण दाबून तो पडला नाही तर त्या रात्री बाहेरची वीज घेऊ नका.

प्रश्न : जुनी प्रवासी गाडी विकत घेऊन आत पलंग-ओटा बसवला आहे. कागदपत्रांत काही करावे लागते का?
(माढा)

उत्तर : हो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरटीओकडे विचारून आरसीत तशी नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाला आणि आरसीवर प्रवासी गाडी, आत गॅसची शेगडी असे निघाले तर दावा अडकतो. पीयूसी आणि विम्याच्या मुदती निघण्याआधी बघा.

प्रश्न : कॅसेट टॉयलेटची (खाली काढता येणारी टाकी असलेल्या संडासाची) तोंड बंद करणारी सरकती पट्टी अडकते, जोर लावावा लागतो. व्हॅसलीन लावले तरी फरक नाही.
(टेंभुर्णी)

उत्तर : व्हॅसलीन पुसून टाका, पेट्रोलियमने ते रबर फुगते आणि पट्टी आणखी अडकते. कॅसेट बाहेर काढा, रबरी सील कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. कडेला क्षार धरला असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवा. वाळल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. सील चपटे झाले असेल किंवा चिरले असेल तर नवे मागवा, आणि ते यायला दिवस लागतात म्हणून आजच मागवा. उभी ठेवताना पट्टी थोडी उघडी ठेवत जा, म्हणजे सील दाबले जात नाही.